बारा काचा आणि एक कणगी

आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला पहिला मी आणि पदवी घेतलेला पहिलाही मीच. हे मी अजून सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पण ज्यांनी ते गावभर सांगावं असं मला वाटे, ते माझे बाबा मात्र तोंड उघडत नसत.

कशेळ्याच्या बाजारात त्यांना कुणी विचारलं, "थोरला काय करतो?" की ते म्हणत, "शिकतो." आणि मिरच्या निवडायला लागत. मी एकदा यावरून रुसलो, तर म्हणाले, "खोंड घेतला तर दाव्याला बांधून दाखवता येतो रं. तुजं शिक्शान कुटं बांधू? दाखवाया काय हाय?"

हे मला लागलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या एका प्रोफेसरांना फोटोंचा नाद होता. तंबूतल्या सिनेमातलं चित्र हलत नसतं, भराभर बदलणारी ती थांबलेली चित्रं असतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. मी हिशेब केला. दिवाळीच्या सुट्टीत बाबा नवी कणगी विणणार होते. भात ठेवायची पुरुषभर उंचीची बांबूची कणगी दारातून आत येत नाही, म्हणून ती घरातच, जिथं उभी राहायची तिथंच विणतात. काम बारा-तेरा दिवसांचं. रोज एक फोटो, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. मग बारा फोटो पुठ्ठ्यांवर चिकटवून चोपडी शिवायची आणि अंगठ्यानं पानं सोडायची. कणगी डोळ्यांदेखत जमिनीतून वर येईल! अशी वस्तू कशेळ्याच्या बाजारात कुणी पाहिली नसणार.

प्रोफेसरांनी कॅमेरा दिला, तिपाई दिली, फोटो उमटायच्या बारा काचा भरून दिल्या आणि एकच ताकीद दिली, "तिपाई केसभर हलली तर खेळ संपला."

घरी आल्या आल्या मी माजघरावरची दोन कौलं काढली. तिथं अंधार असे, आणि अंधारात फोटो निघत नाही. आई खालून ओरडली, "शिकून आला नि घराला भोकं पाडतो!" पण त्या भोकातून उन्हाचा एक चौकोन खाली पडला, आणि तो सरकत जात्यापाशी आला की फोटोची वेळ झाली असं मी ठरवलं. आमच्याकडे दुसरं घड्याळ नव्हतंच. तिपाईच्या तिन्ही पायांशी मी नदीतले तीन गोटे खुणेला ठेवले, म्हणजे चुकून धक्का लागला तरी पाय परत जागेवर आणता येतील. या गोट्यांचा मला भारी अभिमान वाटला होता.

पहिल्या दिवशी कणगीचं बूड झालं. चौकोन जात्यापाशी आला. मी म्हणालो, "बाबा, आता मी बारा आकडे मोजीन. तोवर हलायचं नाय."

"काम करू का नको?"

"करा. पण हलू नका."

बाबांनी हातातली बांबूची कामटी खाली ठेवली. "न हलता इनायचं? ह्ये तुजे मास्तर करून दाखवतील काय?"

मी समजावलं की हात कामटीवर ठेवून नुसतं थांबायचं. त्यांना पटलं. पण "थांब जरा" म्हणून ते आत गेले आणि लग्नाकार्याला घालायचा काळा कोट नि जरीकाठी फेटा चढवून बाहेर आले. मग कणगीसमोर पाटावर मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की जणू तो काही विचारणार आहे.

"बाबा, कामाच्या कपड्यांत बसा ना. काम करताना दिसाया पायजे."

"फोटू काय रोज काडतात? लंगोटीवर काडू? तुज्या कालेजात काय म्हनतील, ह्याचा बा असाच बसतो म्हनून?"

उन्हाचा चौकोन जात्यावरून पुढं निघाला होता. मी मुकाट्यानं बारा आकडे मोजले.

मला वाटलं, एक फोटो वाया गेला तर गेला. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर दुपार होताच ते कोयता टाकून न सांगता आत गेले. रोज कोट, रोज फेटा, रोज तीच नजर. चुलते ओट्यावरून डोकावले आणि म्हणाले, "दादा, लगीन हाय काय कनगीसंगं? अक्षदा आनू?" बाबा हलले नाहीत. मी "सात" म्हणत होतो.

याच चुलत्यांनी सहाव्या दिवशी डोळे बारीक करून सांगितलं की कणगीचं पोट डावीकडं सुटलंय. बाबा त्यांना नाही नाही ते बोलले, पण ते गेल्यावर लांबून एकदा पाहिलं आणि वीतभर विणकाम उसवलं. म्हणजे सातव्या काचेत कणगी सहाव्यापेक्षा बुटकी! मी कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "वाकडी ठेवू? तुज्या फोटूपायी भात सांडू?"

आईनं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माजा फोटू काडायचा नाय. आयुक्श कमी होतं." ती कॅमेऱ्यासमोरून कधी गेली नाही. पण मी आकडे मोजायला लागलो की तीही असेल तिथं थिजायची. हलली तर नवऱ्याचा फोटो बिघडेल असं तिला वाटे. सगळं घरच बारा आकडे श्वास धरून राही. ओट्यावर कोंबडी ओरडली तरी आईचे डोळे वटारलेले मला पाठीमागूनही जाणवत.

बारा काचा झाल्या. मी कॉलेजात परत गेलो, प्रोफेसरांच्या अंधाऱ्या खोलीत एकेक फोटो निघाला, आणि मी तिथंच खाली बसलो.

पहिल्या फोटोत बाबा मधोमध होते. तिसऱ्यात थोडे डावीकडं. सहाव्यात आणखी. घर हळूहळू सरकत होतं! बाराव्या फोटोत बाबा आणि कणगी डाव्या कडेला गेलेली, आणि उजव्या कडेला स्वयंपाकघराच्या दारात, हातात सूप घेऊन, श्वास रोखून उभी माझी आई.

प्रोफेसर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मला हसू येत नव्हतं. तीन गोटे ठेवूनही तिपाई हलली कशी? नाताळात घरी गेल्यावर आईला विचारलं.

"दिसाआड सारवत व्हते ना मी. भात घरात यायचं, भुई नको चांगली?"

"मग तिपाई?"

"उचलून ठेवली. तुजे तीन दगूडबी उचलले, सारवलं, नि व्हते तसे ठेवले. मोजून घे. एक तरी हरवला काय?"

एकही हरवला नव्हता. मी रोज सकाळी नदीवर जाई तेव्हा हे होई, आणि आल्यावर मी तिपाईचे पाय गोट्यांना टेकलेले पाहून समाधान मानी. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भुईवरचं ओलं शेण दिसलं नाही, हे मी इथं प्रथमच कबूल करतो.

चोपडी मी शिवली होतीच. भीतभीत बाबांच्या हातात दिली आणि अंगठा कसा सोडायचा ते दाखवलं. फर्रर्र. कणगी वर आली, मधेच एकदा खाली बसली, पुन्हा उठली. बाबा पुढ्यात देवासारखे अचल. आणि सगळं झाल्यावर आई.

बाबांनी चोपडी मिटली. मग म्हणाले, "बारा दिस राबलो. तू चुटकीत संपवलंस." आणि पुन्हा अंगठा सोडला. मग उलटी फिरवून कणगी उसवून पाहिली. मग परत विणली. आईनं लांबूनच विचारलं, "मी कशी आले त्यात?" तिनं चोपडी ओढून घेतली, शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाली, "सूप तरी खाली ठेवायचं म्हनायचं व्हतंस." आयुष्याचा विषय तिनं काढला नाही. पुढं ती ऐंशीच्या घरात गेली.

बाजाराच्या दिवशी बाबा चोपडी कोटाच्या खिशात घालून कशेळ्याला गेले. मी मुद्दाम गेलो नाही. ते आले तेव्हा चोपडीचा दोरा तुटलेला, पुठ्ठ्यांना तेलकट बोटं लागलेली, आणि बाबा चिडलेले.

"काय झालं?"

"सगळा बाजार बघून गेला. मी म्हनलं, माज्या पोरानं केलंय, बी.एस्सी. हाय तो." ते शब्द त्यांनी नीट, एकेक करून उच्चारले. कुणाकडून तरी शिकून घेतले असावेत. "पन समदे काय म्हनतात ठावं हाय? कनगी आपोआप वाढली, तू नुसता फेटा घालून बसलास! मी! नुसता बसलो!"

"सांगितलं होतं" असं म्हणायची ती वेळ नव्हती.

पुढच्या दिवाळीला मी पदवी घेऊन घरी आलो तर अंगणात बांबूचा भारा पडलेला. कणगी चांगली आठ-दहा वर्षं टिकते आणि आमचं भात एका कणगीलाही पुरं पडत नसे. आई म्हणाली, "इचार तुज्या बाबाला, दुसऱ्या कनगीत काय भरनार, वारा?"

बाबा उघड्या अंगानं कोयत्याला धार लावत होते. वर न पाहता म्हणाले, "मास्तराकडनं फोटूची पेटी आनलीस ना रं?"