दोन अंगठे

परवा मृत्युपत्राच्या नोंदणीला कचेरीत गेलो. कारकुनाने शाईचं पॅड उघडलं आणि त्या तेलकट वासाने मला वर्ध्याच्या तुरुंगातली भेटीची खोली आठवली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं, माझी वकिली नवी होती, आणि वकील न परवडणाऱ्या कैद्यांना भेटायला मी दर रविवारी फुकट जात असे. तापलेल्या पत्र्याखाली आंजी गावचा एक मजूर समोर बसला होता. आरोप बैलचोरीचा, आणि घरी बायकोचे दिवस भरत आलेले. जामिनाचा अर्ज मी पुन्हा पुन्हा वाचून दाखवला, पण तो अंगठा मुठीत दाबून बसला. “काऊन?” मी विचारलं. “ठाण्यात कोऱ्या कागदावर घेतला साहेब. मंग त्याच्यावर लिवलं, का बैल माह्या घरी सापडला.” खाली माझी सही आहे ना, मी म्हटलं. “सही मले वाचता येत नाई. आंधी तुमी अंगठा लावा, मंग मी लावतो.” दारातला शिपाई हसला. मी अंगठा काळा करून सहीशेजारी उमटवला. त्याने तो बराच वेळ न्याहाळला, फुंकर घालून वाळवला आणि त्याला खेटून आपला लावला. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी चष्मा वर करून विचारलं, “वकीलसाहेब, हा दुसरा अंगठा कोणाचा?” “माझा. त्याशिवाय तो लावत नव्हता.” त्यांनी जामीन मंजूर केला. परवा कारकून अंगठा पुसायला चिंधी देत होता. राहू द्या, म्हटलं.