जरीकाठ

बडोद्याच्या पाणीगेटमधल्या आमच्या मासेवाल्या काकांना विकण्यापुरतंही खोटं बोलता येत नसे. कुणी ‘शार्क’ मागितला की ते हात पुसत सांगत, “हा शार्क नाही हो. काळा मासा, लाल शेपटी. नाव शार्कचं, म्हणून खपतो.” गिऱ्हाईक हिरमुसून शेजारच्या दुकानात जाई.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. मी शिकवायचे त्या शाळेच्या टाकीसाठी मासे न्यायला जायची. कोपऱ्यातल्या एका टाकीत बोटाएवढे करडे मासे असत. अंगावर सोनेरी रेघ, तीही ऊन आलं तरच दिसे. डोंगराकडच्या एका ओढ्याखेरीज ते कुठे मिळत नसत. पुस्तकातलं लांबलचक नाव वाचताना काकाही अडखळत. “ओढा आटतोय, ताई. चार घरांत तरी जगू देत,” असं म्हणत त्यांनी तीन वर्षं खपून त्यांची पिल्लं वाढवली होती. लोक बघत, “काका, आ तो साव सादी छे,” अगदीच साधी आहे, म्हणत आणि एंजल मासे घेऊन जात.

शेवटी मीच म्हटलं, “नाव द्या ना काही. जरीकाठ म्हणा.”

काका टाकीजवळ वाकले. “रेघ तर आहे. खोटं नाही होणार,” म्हणाले. मी पाटी लिहिली आणि हरणीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला.

पंधरा दिवसांत टाकी रिकामी झाली. माणसं लांबून येऊ लागली. त्यांत एक व्यापारी होता. त्याने मासा कुठला म्हणून विचारलं आणि काकांनी गावाचं नाव सांगून टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं एसटीने त्या ओढ्यावर गेलो. एक म्हातारा गुरं पाजत होता. “हवे नथी. बडोदावाळा जाळ नाखीने बधी लई गया,” तो म्हणाला. आता एकही उरला नव्हता; बडोद्याची माणसं जाळं टाकून सगळे घेऊन गेली होती. काका चपला काढून पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात दुपारपर्यंत वाकून शोधत राहिले.

विकलेल्यांपैकी एकही मासा कुणाकडे जगला नव्हता. काकांनी घरोघर जाऊन विचारलं होतं.

मी दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, शाळेची चौकशी केली, मला बोलूच दिलं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकू दारात पांढरी चादर वाळत घालत होत्या. “परवाच गेले,” म्हणाल्या, आणि मला आत बोलावून पाणी दिलं.