दार लावून राहिलो

आधी नागपूरच्या बेसा भागातल्या त्या काकूंबद्दल सांगतो, मग काय झालं ते. त्या नसत्या तर मी हे लिहायला उरलो असतो की नाही, याची मला आजही खात्री नाही. नात्यानं त्या माझ्या कोणी लागत नाहीत. ज्या घरावर मी कॅमेरे बसवत होतो त्याच्या शेजारच्या घरात राहतात आणि उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालतात, एवढंच.

मी मालवणच्या बाजूचा. नववीत शाळा सुटली. मग काही दिवस होडीवर, काही दिवस एका वायरमनच्या हाताखाली, असं करत ओळखीच्या ओळखीतून नागपूरला आलो. कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक, आम्ही त्यांना भैया म्हणतो, त्यांनी आईशी फोनवर बोलून मला ठेवून घेतलं. राहायला दुकानामागची खोली. बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या फटी बंद करायचं, म्हणजे सील करायचं काम माझ्याकडेच आलं. "तू पावसातला माणूस," भैया म्हणायचे, "पानी कुठून घुसते ते तुले आमच्यापेक्षा जास्त समजते."

समजत होतं थोडंफार. बाहेरच्या कॅमेऱ्यात पाणी शिरतं ते बहुतेक वायरच्या जोडात. म्हणून भिंतीवर आधी जंक्शन बॉक्स ठोकायचा, सगळे जोड त्याच्या आत कोंबायचे आणि कॅमेरा त्याच्या झाकणावर बसवायचा. वायर डब्यात खालून घ्यायची आणि घेण्याआधी तिला थोडा झोळ द्यायचा, म्हणजे वायरवरून येणारं पाणी तिथंच गळून पडतं. भिंत आणि डबा यांच्या फटीत तीन बाजूंनी सिलिकॉन भरायचं, खालची बाजू मोकळी सोडायची. कितीही सील करा, आत वाफ धरतेच. तिला निघायला वाट लागते.

ते नवतप्याचे, मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस होते. नागपुरात नवतपा म्हणजे काय हे मी फक्त ऐकून होतो. बेसातलं ते घर नवीन, एकमजली. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सकाळी भैयांनी आणि मी मागच्या भिंतीला शिडी लावून केबल वर चढवली. नंतर भैयांना बुटीबोरीला दुसऱ्या कामावर शिडी हवी होती, ती गाडीवर बांधून ते निघून गेले. "तू वरचे डब्बे सील करून ठेव, मी दुपारून येतो." मला काय, जिना होताच. माझा मोबाइल खाली हॉलमध्ये चार्जिंगला लावला होता.

मी कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून डब्याच्या कडेला सिलिकॉन भरत होतो, तेव्हा घराचे मालक, वयानं काकाच, जिन्यातून ओरडले, "काय गा, उतरून राहिला ना तू?"

मला नागपुरात येऊन जेमतेम महिना झाला होता. आमच्याकडे काम राहिलं म्हणजे करायचं बाकी राहिलं. मी समजलो, काका विचारतात, तू उतरायचा राहिलास ना अजून?

"हो काका!" मी ओरडलो.

"मंग मी दार लावून राहिलो!"

दार लावायचं राहिलं, असं मी ऐकलं. दार उघडंच राहिलंय, त्याची काळजी करतायत बिचारे.

"असू द्या, असू द्या!"

जिन्याच्या दाराची लोखंडी कडी आतून सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ खाली गाडी सुरू झाली. काकांच्या घरचे सगळे सावनेरला लग्नाला निघाले होते. मी मागच्या शिडीनं उतरतोय असं काका समजले. शिडी केव्हाच बुटीबोरीला गेली होती, हे त्यांना कुठं माहीत.

दाराशी गेलो, ढकललं, बडवलं, हाका मारल्या. दार इतकं तापलेलं की तळहात टेकवेना. रिकाम्या घरात माझ्याच हाका घुमून परत येत होत्या. गच्चीवर सावली म्हणून काय ती पाण्याच्या टाकीची, तीही पायाखाली येत चाललेली. टाकीचं झाकण उघडून ओंजळभर पाणी घेतलं, तर ते चहाच्या आधणासारखं. तेच प्यालो. कठड्यावरून खाली पाहिलं. सिमेंटचा ओटा, त्यावर बांधकामाच्या उरलेल्या सळ्या. इकडून उडी मारावी, तिकडून मारावी, असं करत चारी बाजूंना फिरलो. पिंजऱ्यातलं जनावर कसं एकाच वाटेनं फिरतं, तसं. सगळ्यात वाईट म्हणजे कोपऱ्यात मीच बसवलेला कॅमेरा माझ्याकडे बघत होता. खाली रेकॉर्डरला वायर जोडायची होती, त्यामुळे तो बघून न बघितल्यासारखा.

घशाला कोरड पडली, डोकं ठणकायला लागलं आणि मग घाम यायचा थांबला. घाम थांबल्यावर मी घाबरलो. एवढ्या लांब, अनोळखी माणसाच्या बंद घरावर मी वाळून जाणार आणि घरी कुणाला कळणारही नाही, हे एकच डोक्यात घुमायला लागलं.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर काकू आल्या. कुरडया उलटायला. मला पाहून तशाच थबकल्या.

"कोण हाय गा तिथं? घर बंद हाय नं त्याइचं!"

"कॅमेरेवाला आहे, काकू! अडकलोय!"

"चोरबी असंच सांगन!" मग कपाळावर हात धरून त्यांनी मला नीट न्याहाळलं. माझा चेहरा काय झाला होता कुणास ठाऊक, कारण त्यांचा आवाजच बदलला. "अरे बाप्पा! केव्हापासून हायेस तू? डोक्याले दुपट्टा नाही, काही नाही. मराचं हाय का?"

दोन घरांच्या मध्ये बोळ होती. "मी उडी मारतो इकडे," मी म्हणालो.

"खबरदार! उडी-गिडी काही मारू नको. पाय थरथरून राहिले तुये, मले इथून दिसते. बस खाली, टाकीच्या आडोशाले."

त्या खाली गेल्या. कपडे वाळवायच्या लांब बांबूच्या टोकाला माठातल्या पाण्याची बाटली बांधून त्यांनी ती बोळीवरून माझ्याकडे सरकवली. मग ओली चादर फेकली. मग एक कांदा.

"कांदा कशाला, काकू?"

"खिशात ठेव, ऊन लागत नाही. काहून म्हणून विचारू नको, ठेव."

ठेवला. समोरच्या घराची बेल त्या वाजवून आल्या, कोणी दार उघडलं नाही. घरमालक काकांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. लोक गोळा करू का म्हणाल्या, तर मीच नको म्हटलं. बंद घराच्या गच्चीवर परका माणूस पाहून लोक आधी मारतात, मग विचारतात. भैयांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये, मोबाइल खाली. मला पाठ एकच नंबर होता, आईचा. भैयांचा नंबर तिच्याकडे होता. पण तिला काय सांगायचं? आवाज ऐकूनच ती ओळखेल आणि तिथं बसून रडत राहील.

"तू बोलूच नको," काकू म्हणाल्या. "नंबर सांग. मी बोलतो."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "बाई, मी नागपूरवरून बोलून राहिली. काही काळजी करू नका. तुमचा पोरगा माह्या घरी जेवून राहिला. त्याच्या फोनची बॅटरी गेली, त्याले मालकाचा नंबर पाहिजे."

पलीकडे आई एकदम कळवळली. "अजून जेवूक नाय तो? येवडी दुपार झाली तरी?"

"अवं, जेवूनच राहिला!"

"तेच म्हणतंय! कित्याक राहिलो?"

काकूंनी फोनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मी बोळीच्या अलीकडून खुणेनं घास तोंडात घातला. "जेवतो आहे, बाई," त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "ताट समोर हाय त्याच्या."

ते ऐकून आई शांत झाली आणि तिनं भैयांचा नंबर सांगितला. इकडे ‘जेवून राहिला’ म्हणजे जेवतोच आहे; दार कसं लागलं, ते मला तेव्हा कळलं. हसायला हवं होतं, पण ओठ फुटले होते.

काकूंनी भैयांना फोन लावला, पण त्यांना बुटीबोरीहून यायला वेळ होता. काकू आपल्या जिन्याच्या दारात, पदर डोक्यावर ओढून बसल्या. मी डोळे मिटले की ओरडायच्या, "बोल, बोल! झोपू नको. तुमच्याकडं गच्चीवर काय वाळवते?"

"मासे."

"मासे? असे? कुरडयांसारखे?" त्यांनी नाक मुरडलं. "आणि मांजरं?"

"राखण ठेवतो."

"कोन, तूच नं? म्हणून कॅमेऱ्याच्या धंद्यात आला!"

असं त्यांनी मला बोलतं ठेवलं. चादर वाळली की काढून परत फेकायला लावायच्या, बादलीत भिजवून पुन्हा पाठवायच्या. भैया येईस्तोवर त्या जागच्या हलल्या नाहीत, कुरडयाही उचलल्या नाहीत.

शिडी भिंतीला टेकली तेव्हा भैया खालून ओरडले, "काय गा, डब्बा सील कराले सांगतलं होतं, तू स्वतःलेच केलं?" पण वर येऊन मला पाहताच त्यांनी माझ्या खांद्याखाली हात घातला. मला धरून एकेक पायरी उतरवलं.

काकू फाटकाशी होत्या. म्हणाल्या, "चल, जेवाले. तुह्या आईले सांगतलं नं मी? खोटं काहून पाडतोस मले?" कैरीचं पन्हं, वरण-भात. भातही त्यांनीच कालवून दिला.

त्यानंतर मी बरीच घरं केली. पण वर चढायच्या आधी दाराच्या कडीला माझा दुपट्टा बांधतो आणि घरच्यांना तो दाखवून ठेवतो. आईला त्या दिवसाचं अजून सांगितलेलं नाही. तिच्या हिशेबी नागपुरात एक बाई आहे, तिच्या घरी मी कधीमधी जेवतो, आणि ती जरा उशिरा वाढते.

काकू, तुम्ही समुद्र पाहिलेला नाही, हे तुम्ही जिन्याच्या दारात बसून मला सांगितलं होतं. प्रवास लांबचा आहे, गाडी बदलावी लागते, आणि तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. तरीही मी तुम्हाला नेणार. आमच्या पडवीत पाट मांडून तुम्हाला बसवणार, आई वाढेल आणि मी शेजारी वारा घालीन. मासे वाढणार नाही. तोवर तुमच्या गच्चीवरचं काहीही काम असो, दुसऱ्या कोणाला बोलावू नका. मला हाक मारा, मी येतो.