नदीला दिलेली पुडी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच धड जमलं नाही. वाचणाऱ्यानं तेवढं पोटात घालावं. माहेरी खानापूरकडं चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन या बेटावर आले आणि लिहिण्याचं काही कामच पडलं नाही. चार माणसांत तोंड उघडायचा मला धीर होत नाही. म्हणून जे कुणाला सांगता आलं नाही ते इथं लिहून ठेवते.

आमचं गाव म्हणजे काळी नदीच्या दोन फाट्यांमधला जमिनीचा तुकडा. थोडी घरं, भाताची खाचरं, सुपारीची झाडं आणि आंब्याखाली सातेरीचं वारूळ. तीच आमची देवी. उन्हाळ्यात खडकांवर पाय देत पलीकडं जाता येतं. पावसाळ्यात मात्र धाकूमामाची होडी हाच रस्ता. मीठ, तेल, सुईण, पाहुणे, सगळं होडीतूनच येतं. पाणी चढलेलं असताना नदी ओलांडायची तर मधल्या धारेत तिला एक पुडी द्यायची, अशी इथली रीत आहे. पुडीत तांदूळ, सुपारी आणि घरातली बांगडी. देणं दिलं की नदी वाट देते, असं जुनी माणसं मानतात.

मालक हिवतापानं गेले आणि सातेरीवरचं माझं मन उडालं. दिवा लावायची, पण हात जोडायची नाही. तिच्याशी मी अबोलाच धरला होता म्हणा ना. त्यांच्या दुखण्यात शेतसारा थकला होता. श्रावणात सांगावा आला की बाजाराच्या दिवशी सुप्याच्या कचेरीत सारा भरला नाही तर खाचराचा लिलाव होईल. ते खाचर गेलं असतं तर सासू, माझी लहानगी चंद्री आणि मी, आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं? मी डोरलं मोडून रुपये आणवले होते. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. पावसात भिजू नयेत म्हणून आत्तींनी ते रुपये केळीच्या सोपटात गुंडाळून घट्ट बांधले. नदीची पुडीही तशाच सोपटात बांधली. विधवांच्या घरात बांगडी कुठली असणार? चंद्रीच्या हाताला लहान झालेल्या दोन बांगड्या तिच्या नावानं पुडीत घातल्या. दोन्ही पुड्या मी कमरेला खोचल्या.

धाकूमामा पाण्याकडं बघत उभा होता. म्हणाला, "आजच जायाला पायजे व्हय? उद्या चालत न्हाई?"

"लिलाव आज हाय, मामा."

"मग बस. हलू नको, आणि रडूबी नको. होडीत पाणी आधीच लई हाय."

मधल्या धारेत वरून एक आख्खं झाड वाहत आलं. त्याची फांदी होडीला घासली आणि होडी गर्रकन फिरली. मामा ओरडला, "पुडी दे! दे तिला लवकर!" मी डोळे मिटले, कमरेची पुडी ओढली आणि पाण्यात फेकली. झाड पुढं निघून गेलं. होडी हळूच काठाला लागली.

जळवा काढत, रान तुडवत सुप्याला पोचले. कचेरीच्या ओसरीवर बसून पुडी सोडली. आत तांदूळ होते, सुपारी होती, आणि चंद्रीच्या त्या दोन बांगड्या.

मनात सातेरीला एवढंच म्हटलं की, बाई, तू माझा माणूस नेलास, आता त्याचं खाचरही नेलंस. घरी जाऊन आत्तींना काय सांगायचं ते सुचेना. आत जाऊन साहेबांपुढं बोलायची तर माझी जन्मात हिंमत झाली नसती.

ओसरीच्या कोपऱ्यात एक म्हातारा कासार पावसाला थांबला होता. त्याचा बैल लंगडत होता म्हणून आदल्या दिवशी निघायचा तो राहून गेला होता, हे मला नंतर कळलं. विधवेशी कासाराचं काय काम? तरी तो जवळ आला. इकडं धाकट्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाला, "काय झालं गं, तंगी?"

त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा कसंबसं सांगितलं. तो आधी हसलाच. "म्हणजे सारा नदीला भरलास आणि सरकाराला तांदूळ घिऊन आलीस!" मला हुंदका आवरेना, तसा तो ओशाळला. उगाच काहीतरी करावं म्हणून त्यानं त्या बांगड्या उचलल्या, उजेडाकडं धरल्या.

"ह्या माझ्या हातच्या हाईत," तो म्हणाला. "ही पिवळी रेघ बघ. तू बेटावरली काय?"

मी मान हलवली.

"एकदा सुप्याच्या वाटंवरल्या ओढ्याला असंच पाणी आलतं. बैल काय पाण्यात पाय टाकंना. बेटावरला एक गडी आला आणि माझं सगळं काचसामान डोक्यावर घिऊन खेपा घातल्या. छातीएवढं पाणी! एक कांकण फुटलं न्हाई. पैसे दिऊ केले तर घेतले न्हाईत. म्हणाला, सगळ्यात बारीक बांगड्या असतील तर दोन दे, पोर लहान हाय. कुठं हाय त्यो?"

त्या संध्याकाळी मालक भिजून घरी आले होते ते मला आठवलं. बांगड्या माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले होते, "स्वस्त मिळाल्या." कासारानं माझ्या मोकळ्या हातांकडं पाहिलं आणि त्याला कळलं.

तो उठला, कमरेची पिशवी सोडत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या खाचराची पावती होती. मी पाया पडायला वाकले तर मागं सरला. "हुईल तवा दे. दिवाळी झाली की मी तुमच्या पलीकडच्या काठाला येतोच. पर ह्या बांगड्या नदीच्या. जाताना तिच्या तिला दे."

परतताना पाऊस थांबला होता. पुड्यांची अदलाबदल मी धाकूमामाला सांगितली होती. मधल्या धारेत तो म्हणाला, "अगं, आधी सोडून बघ! आता पावती टाकशील." मला हसू आलं. मालक गेल्यावर पहिल्यांदाच. पुडी दोनदा उघडून पाहिली आणि मग नदीला दिली. संध्याकाळी सातेरीपुढं दिवा लावला आणि हात आपोआप जोडले गेले.

हा चमत्कार होता की नाही ते मला माहीत नाही. सकाळी योग्य पुडी टाकली असती तरी खाचर राहिलंच असतं. सारा भरून मी गुमान घरी आले असते. पण मालकांची ती खेप मला कधीच कळली नसती आणि देवीशी माझा अबोला तसाच राहिला असता. तोवर नदीला मी नेहमी घरात नको झालेलंच देत आले होते. त्या दिवशी माझ्या हातून सगळंच गेलं. आणि सगळं गेल्यावरच, मी जे मागितलंही नव्हतं ते माझ्यापर्यंत आलं. तेव्हापासून होडीत बसले की मी होडीची कड घट्ट धरत नाही.

पैसे फेडायला वर्षं लागली. कधी मिरी विकली, कधी कोकमं, कधी दुसऱ्यांच्या खाचरात लावणी केली. दिवाळीनंतर पलीकडून त्याच्या बैलाची घंटा ऐकू आली की मी होडी गाठायची. त्यानं कधी मागितले नाहीत, मी दिल्याशिवाय राहिले नाही. यंदा तो आला तेव्हा चंद्रीचं लग्न ठरलं होतं. त्यानं तिच्या हातात हिरवा चुडा भरला. चुड्याचे आणि उरलेले असे सगळे रुपये मी त्याच्या ओंजळीत ठेवले. त्यानं ते मोजले नाहीत. कपाळाला लावले, पिशवीत टाकले आणि म्हणाला, "फिटलं गं, तंगी. सगळं फिटलं."