घाटावरचं कासव

काल सकाळी फिरायला गेले आणि घाटावर थबकलेच! कॉलेजच्या मुलामुलींनी पायऱ्यांवर भलंमोठं कासव रंगवलंय. शेपटी वरच्या पायरीवर, तोंड थेट पाण्याकडे आणि हिरवीगार पाठ या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. आपल्या नदीत कासवं होती, हे लोकांना आठवावं म्हणून हा सगळा खटाटोप.

तेवढ्यात एक काकू निर्माल्याची पिशवी नदीत सोडायला आल्या. कासव दिसताच त्यांनी उचललेलं पाऊल मागे घेतलं, चपला काढल्या आणि चक्क वाकून नमस्कार केला.

"काकू, चित्र आहे ते. पाय दिलात तरी चालेल," ब्रश पुसत एक मुलगी म्हणाली.

"अगं, देवळात कासवाला हात लावून आत जातो आपण. त्याच्यावर पाय कसा देऊ?"

काकू घुटमळल्या. शेवटी पिशवी त्या मुलीच्या हातात देत म्हणाल्या, "झाडाबिडाला घाल, बाई."

मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या! जिवंत कासवं नदीतून नाहीशी झाली तेव्हा आपल्यापैकी कुणी थांबलं नव्हतं, आणि आज रंगातल्या कासवापुढे पाऊल अडलं. अडू दे की! भाबडेपणा तर भाबडेपणा. माझ्या डोळ्यांदेखत एक पिशवी पाण्यात पडायची राहिली.

खाली राहिलेला रंगाचा डबा आणायला ती मुलगी निघाली. पायऱ्यांवरून नाही, अरुंद कठड्यावरून, तोल सावरत.