मुक्काम मानेवाड्याला

कारंज्याला माझं कापडाचं दुकान आहे. लग्नसराईच्या आधी माल पाहायला नागपूरला जातो, तेव्हा दोन दिवसांचा मुक्काम पडतोच. उतरायचं कुठं, हे पंधरा वर्षं मी कोणाला विचारलं नाही. इतवारीतलंच लॉज. जिना उतरला की बाजार, कोपऱ्यावर तर्रीपोहे, आणि कोणाची कटकट नाही.

कटकट म्हणजे माझी मोठी बहीण. ती मानेवाड्याला राहायची, बाजारापासून पार दुसऱ्या टोकाला. तिच्या तावडीत सापडलं की आग्रह करकरून जेवण, गावातल्या एकेकाची चौकशी, वर माझ्या वाढत्या पोटावर भाषण. बहिणीचं घर असताना लॉजवर राहणं आमच्याकडं तिचा अपमानच. ते मला कळत होतं, म्हणून तर परतल्यावर फोनवर खोटं बोलायचो. नागपूर एका दिवसात जाऊन येण्यासारखं, त्यामुळं थापही पचायची.

“ताई, सकाळी आलतो, संध्याकाळच्या बसनं वापस.”

“असू दे. पुढच्या वेळेले मुक्कामाले येजो. तुह्यी गादी उन्हात घालून ठेवतो.”

दर वर्षी हेच.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तेरवीला भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले.

“तिनं तुले पाह्यलं होतं,” ते म्हणाले. “चार वर्षं झाले. साडी बदलून आणाले इतवारीत गेलती. तू खोलीची चाबी हातात घेऊन लॉजखाली पोहे खाऊन राह्यला होता.”

“मंग हाक काऊन नाई मारली?”

“मीबी तेच इचारलं. तं म्हणे, त्याले लाज वाटली असती.”

म्हणजे त्यानंतरची चार वर्षं सगळं माहीत असून ती माझी गादी उन्हात घालत होती. मी तिथंच पंक्तीसमोर ढसाढसा रडलो. स्वतःची इतकी घृणा मला कधी वाटली नव्हती.

भाऊजी आता मुलाकडं पुण्याला गेलेत, घराला कुलूप आहे. यंदा मालासाठी गेलो तो मानेवाड्याला उतरलो, तिच्या गल्लीजवळच्या लॉजवर. बाजार दोन ऑटो बदलून.

मॅनेजर माझी कापडाची गाठोडी पाहून म्हणाला, “भाऊ, इतक्या दूर काऊन उतरले?”

“बहिणीचं घर आहे इथं.”

“मंग बहिणीचं घर असून लॉजवर काऊन?”

ताईनं मला हे चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.