अर्ध्या जहाजाचा फोटो

लेकीने आम्हा दोघांना क्रूझचं तिकीट भेट दिलं, तेव्हा सगळ्यांनी मला एकच विचारलं, कपडे कुठले नेणार. मी म्हटलं, कपाटात आहेत ते. मला घ्यायचाय तो कॅमेरा. लांबचं जवळ आणणारा, चांगला झूमवाला, आणि तरीही पर्समध्ये मावणारा.

लेक पुण्याला असते. तिने फोनवर नाक मुरडलं ते मला इथे नाशकात ऐकू आलं. "आई, तुझ्या मोबाईलला शंभर पट झूम आहे. कॅमेरे आता घेतं कोण?"

"मी घेते," मी म्हटलं.

खरं तर कॅमेरा कशासाठी हवा हे तिने विचारायची गरजच नव्हती. मूळ प्रश्न तिचाच होता. विसरली होती, एवढंच.

मी मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. लेक त्याच शाळेत होती आणि एक वर्ष माझ्याच वर्गात आली. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे मी तिच्याकडून आधीच घोकून घेतलं होतं. पृथ्वी गोल असल्याचे पुरावे शिकवायचे त्या दिवशी मी आधी फळ्यावर वर्तुळ काढायचे. नुसत्या हाताने, खडू न उचलता, एका दमात. त्या वर्तुळाचा शाळेत बोलबाला होता. शेजारच्या वर्गातल्या बाईसुद्धा दारातून बघून जायच्या. वर्तुळ काढून झालं की मी सांगायचे, खरी पृथ्वी इतकी नेटकी नाही, ध्रुवांपाशी जरा चपटी आहे. आणि मग जहाजाचा पुरावा. लांब जाणारं जहाज नुसतं लहान लहान होत नाही. आधी त्याचा खालचा भाग दिसेनासा होतो, वरचा मागाहून.

लेकीने हात वर केला. "बाई, तुम्ही पाहिलंय?"

"नाही," मी म्हटलं. "पण पुस्तकात आहे आणि बुद्धीला पटतं."

ती खाली बसली, पण तिला पटलेलं नव्हतं. संध्याकाळी मेथी निवडताना तिने पुन्हा विचारलं, या वेळी आई म्हणून. मी तेच उत्तर दिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण पुढे दरवर्षी तो धडा आला की मला तिचा वर केलेला हात दिसायचा, आणि मग वाटायचं, आपण एकदा बघायला हवं. निवृत्त झाले तरी ते राहूनच गेलं.

समुद्र पाहिला नव्हता असं नाही. नाशिकहून कोकणात जाऊन आलोच की आम्ही. पण किनाऱ्यावरून लांबचं जहाज म्हणजे एक ठिपका. त्याचं खाली काय आणि वर काय, कोण सांगणार? दुर्बीण घे म्हणाल, तर दुर्बिणीतून एकालाच दिसतं. मला बघायचंही होतं आणि दाखवायचंही होतं.

तर आम्ही दोघं महात्मा गांधी रोडवर गेलो. आम्ही म्हणजे मी आणि हे. हे वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि खरेदीला आले की दुकानात खुर्ची शोधतात. पहिल्या दोन दुकानांत कॅमेरा म्हटल्यावर घरावर लावायचे पाळतीचे कॅमेरे काढून दाखवले. तिसरं दुकान माडीवर होतं. दुकानदार पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा आणि त्याला बोलायची हौस होती. "मॅडम, नवीन माल येतच नाही आता. पण दोन पीस आहेत," म्हणाला.

आधी मी मोबाईलचा निकाल लावायचं ठरवलं. रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावर एका दातांच्या दवाखान्याची पाटी होती, खाली बारीक अक्षरांत वेळा लिहिलेल्या. मोबाईलचा झूम टोकाला नेऊन फोटो काढला. स्क्रीनवर पाटी छान ठसठशीत दिसली. वाचायला गेले तर त्यात एकही अक्षर अक्षर नव्हतं. वर शिरोरेघ, खाली काना-मात्रांसारखे फराटे, आणि अर्थ शून्य.

"इतक्या लांबचं त्याला दिसत नाही ना, मग तो अंदाजाने भरतो," दुकानदार म्हणाला.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. परीक्षेत नकाशा न बघता अंदाजाने नद्या भरणारी मुलं मी चांगली ओळखून होते. गोदावरी जवळचा समुद्र सोडून लांब पूर्वेला जाते, हे नाशिकच्या मुलांनाही चुकायचं, आणि निळ्या पेन्सिलीने ती सरळ मुंबईत नेऊन सोडायची. त्यांना मी कधी अर्धा मार्क दिला नाही. मोबाईललाही देणार नव्हते. माझं जहाज खालून खरंच गायब झालेलं हवं होतं, आणि हा मोबाईल स्वतःच्या मनाने त्याला तळ काढून द्यायचा.

मग कॅमेरे पाहिले. एक जाडजूड, साठ पट जवळ आणणारा. दुसरा पर्समध्ये मावणारा, तीस पट. दुकानदाराने मोठा हातात धरून पाटी दाखवली. अक्षरं खरी होती, 'सोमवारी बंद' अगदी स्वच्छ वाचता आलं. मी म्हटलं, द्या इकडे.

माझ्या हातात पाटी एका जागी राहीना. उजवीकडे जायची, खाली जायची, स्क्रीनमधून निघून जायची. "जिना चढून आलात, दम लागला असेल," दुकानदार म्हणाला. मी पाणी प्यायले, कोपर काउंटरला टेकवलं, पुन्हा धरला. पाटी तशीच नाचत राहिली.

त्या वेळी मला भीती वाटली, आणि ती ह्यांनी पाहिलं म्हणून. माझा उजवा हात कापतो. निवृत्तीनंतर हळूहळू सुरू झालं. मी एकटी जाऊन डॉक्टरांना दाखवून आले होते. ते म्हणाले, काळजीचं काही नाही, वयाप्रमाणे होतं कुणाकुणाला. मी घरी कुणाला बोलले नाही. सांगितलं की ते घरात कायमचं राहायला येतं, असं मला वाटायचं. आणि आता ते साठ पट मोठं होऊन दुकानात सगळ्यांसमोर नाचत होतं.

हे खुर्चीतून उठून माझ्या शेजारी आले. "कप-बशा माळ्यावर टाकल्यास तेव्हाच वाटलं होतं मला," हळूच म्हणाले.

त्यांच्या जागी मी चहाचे मग आणले होते. सगळ्यांना सांगितलं होतं, मगात चहा जास्त वेळ गरम राहतो.

"बशी वाजायची," हे म्हणाले.

दुकानदाराला कॅमेऱ्यात कप-बशा कुठून आल्या ते कळेना. त्याने मोठा कॅमेरा पुन्हा पुढे सरकवला, त्यात हलणं कमी करायची सोय आहे म्हणाला. मी तोवर सावरले होते. झूम जितका मोठा, तितकं हाताचं हलणंही मोठं. हे मला कुणी शिकवायला नको होतं. शिवाय छोट्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी होती. तो भुवईला घट्ट दाबून धरला की निम्मं कापणं कपाळ सोसायचं. मी बघितलं, पाटी हलली पण चौकटीत राहिली.

"मला पाटी वाचायची नाहीये," मी दुकानदाराला म्हटलं. "जहाज अख्खं आहे की अर्धं, एवढंच बघायचंय. हा द्या."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान डोलावली, त्यांना तरी कुठे काय माहीत होतं. घरी येताना रिक्षात मी त्यांना जहाजाचं सगळं सांगितलं. लेकीचा प्रश्नही. हाताबद्दल मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही, पण मला हलकं वाटत होतं.

निघायच्या आधी मी गच्चीवर तयारी केली. कठड्यावर कॅमेरा टेकवायचा, डोळा लावायचा, श्वास सोडून थांबायचं आणि मग बटण. मोबाईलच्या टॉवरवर बसलेली घार टिपली, चामरलेण्याच्या डोंगरावरचं मंदिर टिपलं. टेकायला काही असलं की माझा हात गुणी होता. बोटीवर कठडे असणारच, तेव्हा मी निर्धास्त होते.

मुंबईहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. सगळी बोट वरच्या डेकवर फोटो काढायला लोटली. मी ह्यांना घेऊन सगळ्यात खालच्या डेकवर गेले.

"लोक वर चाललेत," हे म्हणाले.

"लोकांना भूगोल नव्हता. उंचावर गेलं की क्षितिज लांब जातं. मला जहाज लवकर लपायला हवंय."

"नाश्ता संपेल."

"संपू दे."

आणि जहाज दिसलं. मालवाहू असणार, आमच्यापासून लांब लांब जाणारं. नुसत्या डोळ्यांना बारीकसा डाग. मी कॅमेरा कठड्यावर टेकवला, डोळा लावला, आणि काहीच दिसेना. सगळं थरथरत होतं. आधी वाटलं हात, मग कठड्यावर तळवा ठेवला तर कठडाच थरथरत होता. खाली इंजिन चालू होतं, लोखंड गुणगुणत होतं. गच्चीवरच्या तयारीत इंजिन नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कठडा सोडून हातात धरला. एक फोटो, दुसरा, तिसरा. नुसत्या करड्या रेघा. तिकडे जहाज निघून चाललं होतं. इतकी वर्षं वाट पाहिली, डेक बरोबर निवडला, हवा बरोबर मिळाली, आणि खोळंबा कुणाचा तर माझ्या हाताचा. याच हाताने मी पृथ्वी काढायचे. मला रडू आलं आणि ह्यांच्यासमोर आलं, ते आवरलं नाही.

हे माझ्यापुढे येऊन उभे राहिले, समुद्राकडे तोंड करून. ते माझ्याहून उंच आहेत. गुडघ्यांत थोडे वाकले, जे गुडघे देवळाची पायरी चढताना कुरकुरतात तेच. "खांद्यावर ठेव," म्हणाले.

मी ठेवला. त्यांचा खांदा इंजिनाला दाद देत नव्हता. पण जहाज अजून वर-खाली होत होतं.

"श्वास रोखा," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"बोलू नका. मी सांगेपर्यंत."

त्यांनी श्वास रोखला, मीही रोखला. आणि ते जहाज चौकटीत येऊन उभं राहिलं. वर पांढरी केबिन, तिच्यापुढे कंटेनरची रास, वर बारीक डोलकाठी. आणि त्याखाली काही नाही. काळा-लाल तळ असतो तिथे सरळ पाण्याची रेघ, डस्टरने खालचा भाग पुसून टाकावा तशी. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मग नुसती बघत राहिले. पुस्तकात होतं तसंच होतं. लेकीला सांगता येण्यासारखं होतं.

"सोडू का?" हे दबलेल्या आवाजात म्हणाले. त्यांना मी विसरलेच होते.

नाश्ता संपला नव्हता. चहा मागवून मी त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, हे बुडतंय की. कुणाला तरी कळवायला हवं."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "बुडत नाहीये. त्याच्या आणि आपल्या मध्ये पृथ्वी आलीय. पेन द्या इकडे."

ह्यांच्या खिशात पेन असतंच. मी कागदी रुमाल पसरला आणि सवयीने एका दमात वर्तुळ काढायला घेतलं. वरचा अर्धा बरा आला. बाजूला आल्यावर हात कापला, रेघ आत गेली, आणि टोकं जुळली तेव्हा ते वर्तुळ म्हणवत नव्हतं. मी पेन तसंच धरून बसले. एवढ्या वर्षांत मी कुणाला असं वर्तुळ दाखवलं नव्हतं.

ह्यांनी रुमाल स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला.

"बरोबर आहे की," म्हणाले. "तूच सांगायचीस ना, जरा चपटी असते म्हणून."

मग मी त्या पृथ्वीवर एका बाजूला आमची बोट काढली, दुसऱ्या बाजूला ते जहाज, आणि दोन्हींच्या मधून नजरेची रेघ. त्यांना समजलं. तेवढ्यात वेटर चहा ठेवून गेला, चिनी मातीच्या कपात, खाली बशी. मी कप बशीसकट उचलला. बशी वाजली, वाजू दिली, आणि चहा प्यायले.